बारा नंबरचा कॉल

"नऊ वर्षं झाले या खुर्चीवर बसून, पन बोर्डाच्या पोटात माणूस ऱ्हायते हे मले याच हप्त्यात समजलं," मनकर्णाबाई पुटपुटल्या.

माणूस म्हणजे देवमन तेलगोटे, हिवरापेठच्या टेलिफोन एक्स्चेंजचा मेकॅनिक. तो बोर्डाच्या मागच्या बाजूला पाटावर बसला होता. त्याच्या आणि ऑपरेटर मनकर्णाबाईंच्या मध्ये हातभर लाकूड आणि गावाच्या सगळ्या तारा, एवढंच अंतर. त्यामुळे त्यांचं पुटपुटणं त्याला गावातल्या कुठल्याही फोनपेक्षा स्वच्छ ऐकू आलं.

"माह्याशी बोलल्या का?" त्यानं आतून विचारलं.

"नाही बाप्पा. खुर्चीशी बोलली. ते कुरकुरते तरी."

मूर्तिजापूर सोडून बडनेऱ्याकडे निघालं की मध्ये हिवरापेठ लागतं. चौसष्ट सालच्या जानेवारीत तिथे शंभर नंबरांचा बोर्ड होता आणि त्यातले त्र्याऐंशी नंबर लोकांनी घेतलेले होते. प्रत्येक नंबराला बोटाच्या नखाएवढी पितळी झडप. गिऱ्हाइकानं आपल्या फोनचा दांडा फिरवला की इकडे त्याची झडप खट्‌कन पडायची. मग मनकर्णाबाई त्याच्या भोकात दोरीचं टोक खुपसून "नंबर" म्हणायच्या. कापसाच्या हंगामात झडपा सकाळपासून पडत. अकोल्याचा भाव काय, धामणगावची गाडी निघाली का, हेच सारं.

बोर्डाला काही झालेलं नव्हतं. हे मनकर्णाबाईंना माहीत होतं आणि देवमनलाही माहीत होतं. तरी गुरुवारपासून तो रोज मागची फळी काढून बसत होता. कुठे तार पूस, कुठे स्क्रू अर्धा फेरा आवळ, कुठे तारेच्या जोडाचा चांगला डाख काढून पुन्हा नवा दे. घरात कोणी आजारी असलं म्हणजे बाया घासलेली भांडी पुन्हा घासायला काढतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त भांड्यांमधून गावाचे फोन जात नाहीत.

आजारी होती त्याची बहीण जाईबाई. त्याची आक्का.

माय मेली तेव्हा देवमन सहा वर्षांचा आणि आक्का सोळाची. तिचं लग्न झालं होतं, पण नवरा वर्षाच्या आत पटकीनं गेला आणि ती बापाच्या घरी परत आली, ती भावासाठीच आल्यासारखी. गावातल्या कापसाच्या जिनात लागली. रेच्यांतून सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे पडते, त्याच्या आधी कापसातली पाती-कवडी वेचायला बाया ओळीनं बसतात. हवेत रुई इतकी, की संध्याकाळी वीस वर्षांची पोरगी आणि साठ वर्षांची म्हातारी दोघी सारख्याच पांढऱ्या केसांनी बाहेर पडतात. असे तीस हंगाम आक्का तिथे बसली. त्यावर देवमन शिकला, मॅट्रिक झाला, तारखात्यात लागून खांबावर चढला आणि खांबावरून उतरून मेकॅनिक झाला. छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला जायचं ठरलं तेव्हा आक्कानं तीन दिवसांची सुट्टी मागितली होती. एवढ्या वर्षांत तेवढीच.

जिनातल्या बायांना खोकला असतोच. त्याला नावही आहे, जिनाचा खोकला. हंगाम संपला की जातो आणि नव्या कापसाबरोबर परत येतो. आक्काचा या वेळी उन्हाळ्यात गेलाच नाही. दिवाळीनंतर संध्याकाळचं अंग तापायला लागलं. तेच नऊवारी लुगडं, पण निऱ्या दोन जास्त पडायला लागल्या. डिसेंबरात तिनं जिन सोडलं, तेही "आठ दिवस" म्हणून. घरात सगळे म्हणत, जिनाचा खोकला आहे. देवमन म्हणे, त्याची बायको पंचफुला म्हणे, शेजारची गोदाबाई रोज येऊन म्हणून जाई. ज्याची भीती वाटते त्याला एखादं घरगुती नाव देऊन टाकलं की तेवढ्यापुरती झोप लागते.

झोप मात्र आक्काला लागत नव्हती आणि तिच्या खोकल्यानं देवमनलाही नाही.

गेल्या सोमवारी तो तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला घेतली. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, निकालासाठी पुन्हा कशाला येता, शनिवारी सकाळी मी तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात फोन करतो, ते तुम्हाला कळवतील.

हिवरापेठच्या सरकारी दवाखान्याचा नंबर बारा. आणि बारा नंबरच्या लायनीत बारीक खरखर आहे असं देवमनला गुरुवारपासून वाटत होतं. दवाखान्याच्या कंपाउंडरला वाटत नव्हतं. मनकर्णाबाईंनाही नव्हतं.

"वहीत तक्रार कुठं हाय?" त्यांनी विचारलं होतं. "तुमीच तं म्हनता, वहीत नसलं तं फॉल्ट नाही."

हे खरं होतं. बिघाडांच्या वहीवर देवमनचा फार जीव. आधीचे ऑपरेटर त्यात "फोन बरोबर नाही", "जरा तसंच आहे" असं काहीबाही लिहीत. देवमननं ते बंद पाडलं. आवाज येत नाही, की येतो पण बारीक येतो, की दुसऱ्याचाच येतो, जे असेल ते नाव घेऊन लिहा. नाव नसलेला फॉल्ट मी कुठं शोधू? एकदा मनकर्णाबाईंनी "तब्येत नरम" असं लिहिलं होतं. त्यावरून तो घरी रात्रीच्या भाकरीवर अर्धा तास बोलला होता आणि आक्का हसता हसता खोकली होती.

शनिवारी सकाळी अकरा वाजता त्यानं शेगडीवर डाखाचा खिळा तापत ठेवला आणि बारा नंबरच्या तारा मागच्या चौकटीवरून सोडवल्या. जवळच एकवीस नंबरच्या होत्या. त्यांचं कापडी वेष्टण तेवढंच जुनं, तेवढंच विटलेलं. त्या आड येत होत्या म्हणून त्याही सोडवल्या. सगळ्या पुसल्या, कथील लावलं, जागच्या जागी डाख दिला. निदान त्याला तरी ती जागची जागा वाटली.

डाख दिल्यावर लगेच फोन लावून पाहायचा, समोरून कोण बोलतं ते ऐकायचं आणि मगच हात धुवायचे, ही त्याची बारा वर्षांची रीत. त्या दिवशी त्यानं पाठ भिंतीला टेकवली. म्हटलं, खिळा जरा थंड होऊ दे. शेगडीची ऊब, समोर मनकर्णाबाईंचं "नंबर, नंबर" एका चालीत. देवमन बसल्या जागी झोपला.

सव्वाअकराला अकोल्याचा ट्रंक कॉल आला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला.

जाग आली तेव्हा पाऊण वाजला होता. पहिली गोष्ट त्याच्या लक्षात आली ती ही, की मनकर्णाबाई कुरकुरत नव्हत्या. गेल्या नऊ वर्षांत असं दोनदाच झालं होतं आणि त्यातल्या एकदा त्यांचे मालक वारले होते. दुसरी गोष्ट, त्याच्या हत्यारांच्या पेटीवर बिघाडांची वही उघडी ठेवलेली होती. मनकर्णाबाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

"१२ आणि २१ अदलाबदल. कारण: मेकॅनिकचा हात. ११.१५ चा अकोल्याचा कॉल १२ चा होता, तो २१ ला गेला. ज्याचा त्याला कळावा."

देवमननं ते दोनदा वाचलं. मग चौकटीकडे पाहिलं. आता झोप उतरलेल्या डोळ्यांना चूक स्वच्छ दिसत होती. दोन्ही डाख सुंदर बसले होते, एकमेकांच्या घरी.

एकवीस नंबर जिनाचा.

तो पुढे आला. मनकर्णाबाई बोर्डाकडे तोंड करून बसल्या होत्या. एकही झडप पडलेली नव्हती, तरी बोर्डाकडेच पाहत होत्या.

"तुमी उठवलं काहून नाही मले?"

"उठवून काय करता? तीन मिनिटाचा कॉल. खुशालरावचा आवाज आला तशी मी समजली की गडबड झाली. तोंड घालू की नाही, घालू की नाही, तवरिक त्या डाक्टरनं एका दमात सारं सांगून टाकलं. खुशालराव 'मी जिनातून बोलतो' म्हनेपर्यंत फोन ठेवला. मी अकोला परत मांगलं तं म्हने शनिवार हाय, डाक्टर गेले. आता सोमवार."

"काय म्हणाला डॉक्टर?"

मनकर्णाबाईंनी कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "देवमनभाऊ, पयल्या दिवशी तुमीच मले या खोलीत उभं करून सांगतलं होतं. अथी जे कानात जाते थे तोंडातून निंघत नाही. माह्या आधीच्या ऑपरेटरनं फोनवर ऐकलेलं बोलून एका पोरीची सोयरीक मोडली म्हने. नऊ वर्षं मी या गावाचं काय काय पोटात ठेवलं, थे एका मले माईत."

"हे माह्या घरचं हाय, बाई."

"साऱ्यायचं कोनाच्या ना कोनाच्या घरचंच ऱ्हायते." त्यांनी दोरीचं टोक पदरानं पुसलं, ते स्वच्छच होतं. "जिनात जा. त्यायच्याच फोनवर आलं, त्यायले सांगाची बंदी नाही."

मग, तो दारापर्यंत गेल्यावर, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आजच जाजा. उद्यावर टाकू नोका."

जायच्या आधी देवमननं बारा आणि एकवीस पुन्हा आपापल्या जागी डाखले आणि दोन्हीकडे फोन लावून पाहिला. बाराला कंपाउंडर बोलला. एकवीसला खुशालराव बोलले.

"तेलगोटेसाहेब," खुशालराव म्हणाले, "या ना इकडे. चहा घेऊ."

खुशालराव जिनाचे मॅनेजर. एरवी ते त्याला "देवमन" म्हणत आणि घाई असली की "ए मिस्त्री". तेलगोटेसाहेब ऐकल्यावरच देवमनला अर्धा निकाल कळला.

जिनाच्या कचेरीत टेबलावर, वहीवर, खुशालरावांच्या भुवयांवर, सगळीकडे रुईची बारीक लव होती. पलीकडच्या लांब खोलीत रेचे धडधडत होते आणि दाराच्या फटीतून ओळीनं बसलेल्या बाया दिसत होत्या. चहा आला. कचेरीच्या चांगल्या कपात आला.

खुशालराव आधी यंदाच्या कापसावर बोलले. मग पट्टा तुटतो त्यावर. मग टेलिफोनखात्यावर, पण जपून.

"अकोल्याहून फोन होता," देवमन म्हणाला.

"होता ना. मले काय माईत दवाखान्याचा हाय. मी समजलो गाठींचा." त्यांनी चहा बशीत ओतला. "तसं काई नाही. डॉक्टर म्हनते, खाट ठेवली हाय. सोमवारी अकरा वाजेपर्यंत. नाही आले तं दुसऱ्याले देऊन टाकतो म्हने, रांग हाय मोठी."

"कोनत्या वार्डात?"

खुशालरावांनी दाराकडे पाहिलं, उठून ते लोटलं आणि परत बसले. "मांगच्या."

अकोल्याच्या त्या दवाखान्यात मागे, कडुलिंबांपलीकडे, एक वेगळी लांबट इमारत होती. गेल्या सोमवारी देवमननं ती पाहिली होती आणि आक्काच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला होता.

"नव्वद सुया सांगतल्या," खुशालराव म्हणाले. "वरून गोळ्या. दीड वर्ष म्हने. पन आता बरं होते, पयल्यासारखं नाही ऱ्हायलं. टायमावर आनलं तं होते, असं दोनदा म्हनला डॉक्टर. टायमावर."

"काय झालं म्हणून सांगतलं?"

"आता थे डॉक्टरी भाषा..." खुशालरावांनी बशी तोंडाला लावली. खाली ठेवली तेव्हा आवाज आणखी उतरला होता. "देवमन, चाळीस बाया बसतात तथी. जाईबाई तीस वर्षं त्याईच्यातच बसली. अथी एक शब्द निंघाला तं उद्या रेच्यावर एक बाई येनार नाही. अन् ज्याईले खोकला हाय त्या तं सांगनारच नाहीत. तू समजदार हाय. तिले सांग, मॅनेजरनं जागा ठेवली हाय तुही. जिनाचा खोकला हाय, बरी होऊन ये."

देवमनला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. तसा आला नाही. हा माणूस आपण घरी तीन महिने जे बोलतो तेच बोलत होता, कामाच्या ठिकाणी बोलत होता एवढंच. पण फटीतून दिसलेल्या ओळीत खोकणाऱ्या किती, हे त्यानं निघताना मोजलं. पाच.

तो घरी पोचला तेव्हा ऊन अंगणातून भिंतीवर चढायला लागलं होतं. आक्का दारात सुपात तूर निवडत बसली होती. तिच्या डोक्यावर भिंतीला दोन खिळे होते. एकावर घरातले ग्लास-वाट्या टांगायची जाळी, दुसऱ्यावर दोरीनं टांगलेला एकटा जर्मनचा ग्लास, आक्काचा. तो खिळा तिनं दिवाळीनंतर स्वतः ठोकून घेतला होता. कोणी विचारलं नव्हतं. देवमनची दोन वर्षांची जमुना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मातीत खेळत होती. ती दुडदुडत आत्याकडे आली की आक्का सुपातली मूठभर तूर लांब फेकायची आणि पोर ती वेचायला परत फिरायची. पंचफुला म्हणायची, आक्काच्या मांडीले वात आला म्हून पोरीले घेत नाही.

"आज लवकर?" आक्का म्हणाली.

"हो. थोडं काम होतं." तो उंबऱ्यावर बसला. "सोमवारी सकायच्या गाडीनं अकोल्याले जा लागते आपल्याले."

"सोमवारी मी जिनात चालली."

"कुठं?"

"जिनात. खुशालरावले निरोप धाडला हाय कालच. बसून बसून अंग मोडलं. हंगामाचा महिना ऱ्हायला अजून."

पंचफुला चुलीपुढून उठून दारात आली. "आक्का, असं काय करता? खोकला तं जाऊ द्या आधी."

"जिनाचाच हाय ना?" आक्कानं एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुमीच म्हनता सारे. तीस वर्षं मी त्या खोकल्यासंगच जिनात गेली. यंदा घरी बसून पायलं, घरी काई जात नाही. मंग म्हटलं जिनातच नेऊन सोडाव त्याले."

"अकोल्याच्या डॉक्टरनं खाट ठेवली हाय," देवमन म्हणाला. "सोमवारी अकराच्या आत गेलं पाह्यजे, नाहीतं दुसऱ्याले देते."

"देऊ दे मंग. कोनी बिचारं खरंच बिमार असन." ती खोकली. तोंडावर पदर धरून, मान वळवून, पोरीच्या उलट दिशेला. खोकला थांबला तेव्हा पदराचं टोक तिनं मुठीत दाबून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं तूर निवडायला लागली. "जिनाच्या खोकल्याले खाट देते का कोनी? देत असन तं तथच्या चाळीसही बायायले द्या म्हना."

"तपासाचं हाय थोडंसं," पंचफुला म्हणाली. "दोन-चार दिवस."

"पंचफुले, तुह्या पोरीले मी तीन महिन्यापासून मांडीवर नाही घेतलं. एक डाव तरी मले इचारलं काहून म्हून?"

पंचफुलानं जमुनाकडे पाहिलं, मग चुलीकडे. "वात..." एवढंच ती म्हणाली.

आक्कानं सूप खाली ठेवलं. "मले शाळा नाही आली. पन कान हायेत. ह्याच्या वहीत कोनी 'फोन बरोबर नाही' असं लिहिलं तं हा जेवताना त्याचा उद्धार करते. म्हने, बाप्पा, नाव तं घ्या, काय झालं त्याचं नाव घ्या, नाहीतं मी कुठं शोधू?" ती देवमनकडे वळली. तिचे डोळे पार आत गेले होते, पण नजर तीच होती, सहा वर्षांच्या पोराला शाळेत सोडून फाटकाशी उभी राहणारी. "तीस वर्षं जिन सोडलं नाही मी. आता सोडून दूर गावी किती दिवस कोन जाने, कोनाच्या तरी वार्डात पडून ऱ्हायचं, अन् कायच्यासाठी हे मले कोनी सांगत नाही. माह्या मनात हाय ते मीच बोलून दाखवू का? कायच्यासाठी जाऊ, सांग. नाही सांगत तं मी सोमवारी भोंगा झाला की जिनात चालली."

अंगणात जमुना आत्यानं फेकलेले तुरीचे दाणे एकेक करून ओंजळीत भरत होती. मोठ्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्या चाकांचा आवाज तेवढा येत होता.

देवमन उंबऱ्यावरून उठला आणि आक्काच्या समोर, सुपाच्या अलीकडे, जमिनीवर येऊन बसला. त्याच्या बोटांना अजून डाखाचा वास येत होता. आज सव्वाअकरापासून ही गोष्ट तीन तोंडांपर्यंत येऊन परत गेली होती, आणि त्याच्याकडे तर ती तीन महिन्यांपासून होती.

"आक्का," तो म्हणाला, "तुले टीबी झाला हाय."